मागच्या सीटवरचा वारा

जुलैच्या पहिल्या सोमवारी फोल्कमार रीडिंगरने स्वयंपाकघरात मेणबत्ती लावली, तिच्यासमोर डाव्या हाताने एक जॅकेट धरलं आणि उजव्या हाताने जॅकेटच्या पलीकडून बायकोचा हेअर ड्रायर चालू केला. ज्योत जागची हलली नाही. त्याने वहीत लिहिलं, ‘क्रमांक तीन. चामडे. वारा : शून्य.’

“अरे, माझे केस ओले आहेत,” हाइड्रून दारातून म्हणाली.

“दोनच राहिलीत.”

“केस की जॅकेटं?”

फोल्कमारने पुढचं जॅकेट उचललं. चौतीस वर्षं त्याने वजन-मापं तपासणीच्या सरकारी कार्यालयात काढली होती. खाटकांचे तराजू, पेट्रोलपंपांचे मीटर, बिअरच्या ग्लासावरची रेघ, सगळं त्याच्या नजरेखालून गेलं होतं. मोजमाप चालू असताना बोलू नये, हा त्या कार्यालयाचा अलिखित नियम निवृत्तीनंतर त्याने घरी लागू केला होता. हाइड्रूनने तो अजून मान्य केला नव्हता, पण रीतसर हरकतही नोंदवली नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक पत्र होतं. पत्र दुचाकी मित्रमंडळाचं, खाली सही अध्यक्ष ओटमार हास याची. ओटमार आणि फोल्कमार दर गुरुवारी एकाच जलतरण तलावावर एकाच बाकावर बसून शेंगदाणे खात. तरीही पत्र टपालानेच आलं होतं. ‘प्रिय फोल्कमार, नियम अकरानुसार सलग तीन वर्षे वार्षिक सहलीस गैरहजर राहणाऱ्या सदस्याची पितळी पाटी फलकावरून उतरवण्यात येते. आपण दोन वर्षे गैरहजर आहात. कळावे. ता. क. : मला स्वतःला फार वाईट वाटेल.’

तो फलक दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या जंगलात एका डोंगरावर, मंडळाच्या लाकडी विश्रामगृहात दाराच्या समोरच टांगलेला होता. त्याच्यावर एकतीस पाट्या होत्या, आणि आठ ठिकाणी नुसती दोन-दोन भोकं. पाटी निघाली की भोकं उरत. फोल्कमारची पाटी सतराव्या जागेवर होती. पहिल्या वर्षी त्याचा गुडघा आडवा आला, दुसऱ्या वर्षी हृदय. आता दोन्ही दुरुस्त झाली होती. पण एवढ्यात स्वतः मोटरसायकल चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मागे बसायला हरकत नव्हती.

“फक्त अंग तापू द्यायचं नाही,” डॉक्टर म्हणाले होते. “गरम वाटलं की सावलीत बसायचं.”

“मोटरसायकलवर सावली कुठली, डॉक्टर?”

“म्हणूनच सांगतोय.”

चालवायला हाइड्रून होती. तिने गेल्या हिवाळ्यात, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, परवाना काढला होता. परीक्षेत तिची एकही चूक झाली नाही. फोल्कमारच्या पहिल्या परीक्षेत चार झाल्या होत्या, पण तेव्हा परीक्षक वेगळ्या स्वभावाचा होता.

आणि राहिला नियम सात. सहलीला येणाऱ्या प्रत्येकाने, तो चालवणारा असो की मागे बसणारा, ‘हेल्मेट, जॅकेट, विजार, हातमोजे, बूट व मूत्रपिंडपट्टा हा पूर्ण संरक्षक वेश परिधान केलेला’ असला पाहिजे. मूत्रपिंडपट्टा म्हणजे कमरेला वारा लागू नये म्हणून आवळायचा रुंद पट्टा. हा नियम मंडळाचे तत्कालीन चिटणीस फोल्कमार रीडिंगर यांनी मांडला होता आणि तो एकमताने मंजूर झाला होता. त्या वर्षी पाऊस होता.

हवामान खात्याने सहलीच्या शनिवारसाठी छत्तीस अंश सांगितलं होतं.

तर प्रश्न असा होता. पडलो तर सोलून निघायला नको, आणि नाही पडलो तर शिजून निघायला नको. बाजारात यावर उत्तर होतं, आणि ते म्हणजे जाळीचं जॅकेट. खांद्याला, कोपराला, पाठीला जाड पॅड, आणि मधलं कापड म्हणजे सगळी भोकंच भोकं. दुकानातल्या मुलीने त्याला तीन दर्जे समजावून सांगितले. एक ए, दोन ए आणि तीन ए. ए जितके जास्त, तितकं डांबरावर घासलं गेल्यावर जॅकेट जास्त टिकणार; आणि जितकं जास्त टिकणार तितका वारा कमी.

“हे कुणी मोजलं?” फोल्कमारने विचारलं.

“आतल्या लेबलवर लिहिलंय की.”

“लेबल मला वाचता येतं. मोजलं कुणी?”

मुलीने गिऱ्हाइकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. दुकानात मेणबत्ती लावायला परवानगी नव्हती. म्हणून फोल्कमारने पाच वेगवेगळी जॅकेटं टपालाने मागवली. नको ती परत पाठवायची सोय होतीच.

इथे त्याच्याकडून एक चूक झाली. पार्सलं आली तेव्हा तो आणि हाइड्रून घरी नव्हते. त्यांच्या इमारतीच्या रीतीप्रमाणे ती खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई, फ्राउ झिप्फेल, यांनी सही करून ठेवून घेतली. ज्याने आपलं पार्सल घेतलं त्याला आपल्या पार्सलबद्दल मत असतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं. पाच पार्सलं म्हणजे पाच मतं.

“अहो रीडिंगरसाहेब,” फ्राउ झिप्फेल दारात पार्सल छातीशी धरून म्हणाल्या. त्या एकोणऐंशी वर्षांच्या होत्या आणि पार्सल सोडायला तयार नव्हत्या. “आत जाळी आहे असं हाताला लागतंय.”

“हो. उन्हाळ्यासाठी. वारा आरपार जातो.”

“आरपार?” त्यांनी पार्सल आणखी घट्ट धरलं. “आणि तुमचं ऑपरेशन झालेलं! वारा बाधतो हो. मानेला बाधतो, कमरेला बाधतो. माझे एगॉन उघड्या खिडकीने गेले.”

एगॉन झिप्फेल अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी झोपेत गेले होते. मे महिना होता आणि खिडकी उघडी होती, एवढं खरं. फोल्कमारला हे माहीत होतं. विज्ञान शिकलेला माणूस म्हणून, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, हेही माहीत होतं. पण गाडीच्या डब्यात समोरासमोरच्या दोन खिडक्या कुणी उघडल्या की सर्वांत आधी उठून एक बंद करणारा प्रवासी फोल्कमारच असे. सकाळी दहा मिनिटं घर वाऱ्याला मोकळं करावं आणि उरलेला दिवस वाऱ्यापासून जपावं, हे त्याला आईने शिकवलं होतं. आईने शिकवलेल्या गोष्टींना मेणबत्तीची चाचणी लावत नाहीत.

“काळजी घेईन,” तो म्हणाला, आणि पार्सल सुटलं.

चाचणीचा निकाल स्पष्ट होता. क्रमांक पाचच्या जॅकेटमधून हेअर ड्रायरने ज्योत एका फुंकरीत विझली, आणि दर्जा दोन ए. शिवाय ते फिकट राखाडी होतं. काळं कापड ऊन पितं, फिकट परतवतं, हे फोल्कमारने हाइड्रूनला आकृती काढून दाखवलं. अडचण एवढीच होती की मागवतेवेळी त्या रंगात पुरुषांची मापं संपली होती. पुरुष काळीच घेतात, म्हणून कंपनी फिकट बनवतेच थोडी. बायकांच्या विभागात मात्र त्याचं माप शिल्लक होतं, तेच आलं होतं.

“ठीक बसतंय,” आरशासमोर उभा राहून तो म्हणाला.

“छातीशी दोन चुण्या आहेत.”

“त्यांनी हवा खेळती राहते.”

“आणि कमरेत आत घेतलंय ते?”

“फोल्कमार रीडिंगर,” तो आरशातल्या माणसाला म्हणाला, “तू चौतीस वर्षं सरकारी तराजू तपासलेस. तू या गोष्टीकडे वस्तुनिष्ठपणे पाहा.” आरशातल्या माणसाने पोट आत घेतलं.

हाइड्रून पलंगाच्या कडेला बसून हे पाहत होती. “फोल्कमार, मला एक सांगायचंय. मागच्या सीटवर ना—”

दाराची घंटा वाजली. फ्राउ झिप्फेल होत्या. दुपारी एक ते तीन ही इमारतीची शांततेची वेळ असून त्या वेळात हेअर ड्रायर चालवला गेला, याची तक्रार त्यांना करायची होती. आणि तक्रार कडू वाटू नये म्हणून त्यांनी सोबत एगॉनची बंडी आणली होती. अंगोरा सशाच्या लोकरीची, बिनबाह्यांची, बगलेत दोनदा रफू केलेली.

“जाळीच्या आत घाला,” त्या म्हणाल्या. “एगॉन वापरायचे तोवर ठणठणीत होते. मे महिन्यातच काढून ठेवली होती, बघा.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या माणसाची बंडी त्याच्या विधवेच्या देखत नाकारण्याचा कुठलाही सभ्य मार्ग कुणाला माहीत असेल तर तो फोल्कमारला नव्हता. त्याने बंडी घेतली.

मंगळवारी ओटमारचा फोन आला. अध्यक्ष या नात्याने.

“प्रमाणपत्र लागेल हं. हृदयाचं ऑपरेशन झालेला सदस्य प्रवासाला योग्य आहे असं.”

“गेल्या गुरुवारी तलावावर मी तुझ्यासमोर दहा फेऱ्या पोहलो, ओटमार.”

“ते मी मित्र म्हणून पाहिलं. अध्यक्ष म्हणून नाही पाहिलं. आणि पट्टा विसरू नकोस. चामड्याचा, रुंद. मूत्रपिंडं एकदा गारठली की संपलं.”

“छत्तीस अंश आहे.”

“वारा छत्तीस विचारत नाही. नियम कुणी लिहिला?”

दवाखान्यातल्या बाईंच्या संगणकात ‘मोटरसायकलच्या मागे बसण्यास योग्य’ असं प्रमाणपत्र नव्हतं. पाण्याखाली पोहणं होतं, ज्युडो होतं, घोडेस्वारी होती. जे यादीत नाही ते छापता येत नाही. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर बाईंनी घोडेस्वारी निवडली आणि शेरा लिहायच्या चौकटीत ‘निष्क्रिय’ असं टाकलं. ‘रुग्ण घोडेस्वारीस (निष्क्रिय) योग्य आहे,’ या कागदावर डॉक्टरांनी न वाचता सही केली.

बुधवारी फार्मसीच्या दारात भेटलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मानेच्या स्नायूंबद्दल सांगितलं. त्यांची मान दोन हजार अकरा सालापासून डावीकडे वळत नव्हती, आणि ती कुठल्या वळणावर कुठल्या वाऱ्याने धरली, ते त्यांनी नकाशावर दाखवलं. फोल्कमारने मानेसाठी एक रुमाल घेतला. रेशमी आणि दुपदरी.

शनिवारी सकाळी साडेआठ वाजता फोल्कमार रीडिंगर इमारतीच्या दाराबाहेर उभा होता तो असा : सर्वांत आत सुती बनियन, त्यावर एगॉनची बंडी, तिच्यावर दहा इंच रुंद चामड्याचा पट्टा आवळून, गळ्याला दोन पदरी रुमाल, आणि सर्वांवर ते जॅकेट, ज्यातून हेअर ड्रायरने ज्योत एका फुंकरीत विझते. जॅकेट आपलं काम चोख करत होतं. वारा त्यातून आरपार जाऊन थेट सशाच्या लोकरीवर थांबत होता.

“तुला असं यायचंय?” हाइड्रूनने विचारलं. तिने स्वतः नेहमीचं काळं जॅकेट घातलं होतं आणि त्याच्या सगळ्या चेनी उघड्या ठेवल्या होत्या.

“सगळ्या बाजूंचा विचार केलाय.”

“बरं. चढ. आधी डावा पाय. नाही, फोल्कमार, आधी मला सांगायचं, मग चढायचं. मी तोल सांभाळते ना.”

आपल्या खिडकीतून फ्राउ झिप्फेल यांनी हात हलवला आणि लगेच खिडकी लावून घेतली.

पहिले वीस किलोमीटर फोल्कमारने प्रतिष्ठेचा विचार करण्यात घालवले. स्वतःच्या मोटरसायकलवर मागे बसलेल्या माणसाने हात कुठे ठेवायचे? बायकोच्या कमरेला धरलं तर धरलं असं दिसतं, मागच्या दांडीला धरलं तर उलटा पडतोय असं दिसतं. शेवटी त्याने हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवले, आणि पहिल्या वळणावर बायकोच्या कमरेला धरलं. पुढे काय येतंय ते दिसत नव्हतं. दिसत होतं ते हाइड्रूनचं हेल्मेट. तिने वेग कमी केला की त्याचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्कन आपटे. चौथ्यांदा आपटल्यावर ती एका थांब्यावर मागे वळून म्हणाली, “दार वाजवतोयस का?”

दहाच्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की तो तापतोय. घाम बनियनमधून बंडीत गेला होता, बंडीतून पट्ट्यात, आणि पट्ट्याच्या पुढे जायला जागा नव्हती. तरी त्याची भीती वेगळीच होती. आता एवढ्या घामावर वारा लागला तर? त्याने रुमाल वर ओढला. वारा कुठून येतोय याचा तो अंदाज घेऊ लागला आणि त्याला आश्चर्य वाटलं. वारा कुठूनच येत नव्हता. ताशी सत्तरच्या वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलवर, भोकाभोकांच्या जॅकेटात, हवा बंद खोलीतल्यासारखी स्तब्ध होती. क्रमांक पाचचं जॅकेट सदोष आहे, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि कंपनीला लिहायच्या पत्राची पहिली तीन वाक्यं मनात तयार केली.

दरीत रस्त्याचं काम चालू होतं. म्हणजे फलक होते, लाल-पांढरे खांब होते आणि एक तात्पुरता सिग्नल होता. माणूस एकही नव्हता, शनिवार होता. सिग्नल लाल होता.

हाइड्रून थांबली. एंजिन बंद केलं. समोर अर्धा किलोमीटर सरळ रस्ता, त्यावर कुणी नाही. मागे कुणी नाही. दोन मिनिटं गेली. चार गेली.

“बिघडलाय हा,” हाइड्रून म्हणाली.

“लाल आहे.”

“दिसतंय मला. बिघडलाय म्हणते मी.”

“बिघडलेला आहे हे ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. हिरवा होईल.”

डांबरावरची हवा थरथरत होती. सात मिनिटं झाली. एक मांजर रस्ता ओलांडून गेलं, लाल असताना. फोल्कमारने आपली नाडी मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात आकडा विसरला. त्याच्या नोकरीच्या आयुष्यात असं एकदाही झालं नव्हतं.

“हाइड्रून,” तो म्हणाला, “मी कुठपर्यंत आलो होतो?”

“काय?”

“बाहत्तर की ब्याण्णव?”

तिने मागे वळून त्याच्या हेल्मेटची काच वर केली. चेहरा बिटासारखा झाला होता. ती पुढे वळली. एंजिन सुरू केलं, मोटरसायकल जागच्या जागी वळवली आणि नुकत्याच मागे टाकलेल्या खेड्याकडे उलट निघाली. लाल सिग्नल तिने मोडला नाही. त्याला पाठ दाखवली. नंतर फोल्कमारने या फरकाबद्दल तिचे आभार मानले.

खेड्याच्या चौकात दगडी हौद होता. लाकडाच्या पन्हाळीतून त्यात डोंगराचं पाणी पडत होतं. हाइड्रूनने त्याला हौदाच्या काठावर बसवलं, हेल्मेट काढलं, रुमाल काढला, जॅकेट उघडलं आणि आत पाहिलं.

“हे काय आहे?”

“एगॉन,” फोल्कमार क्षीणपणे म्हणाला.

तिने पट्टा सोडून हौदात टाकला, एगॉनची बंडी डोक्यावरून ओढून काढली, पिळली, आणि जाळीचं जॅकेट पुन्हा त्याच्या अंगात चढवलं. मग त्याच्या छातीवर, त्या दोन चुण्यांच्या मधोमध, तळहात ठेवला आणि ढकललं.

“अगं, पाटी आहे!” पाण्यात बसताना फोल्कमार ओरडला. “पाणी पिण्यास योग्य नाही!”

“मग पिऊ नकोस. बस.”

समोरच्या घरातून एक म्हातारे शेतकरी खांद्यावरच्या पट्ट्यांची विजार सावरत बाहेर आले. “इथे अंघोळीला मनाई आहे, बाई.”

“अंघोळ नाही, आजोबा. जॅकेट धुतोय.”

“आत माणूस आहे.”

“त्याला काढलं तर वेळ जाईल.”

आजोबांनी विचार केला. “धुणं शनिवारी एकपर्यंत चालतं,” ते म्हणाले. “साबण नको.” आणि आत जाऊन त्यांनी फोल्कमारसाठी पेलाभर लिंबाचं सरबत आणलं.

दहा मिनिटांनी नाडी चौऱ्याऐंशी होती. त्याने दोनदा मोजली.

“जॅकेट सदोष आहे,” तो हौदातूनच म्हणाला. “एवढी भोकं असून वारा येत नाही.”

“जॅकेट चांगलं आहे. मागे वारा येतच नाही. पुढे बसलेल्याची पाठ सगळा वारा खाते. हेच मी सोमवारपासून सांगतेय.”

फोल्कमारने डोळे मिटले. तो मनात आकृती काढत होता. वस्तू, तिच्यापुढून येणारा प्रवाह, तिच्यामागे तयार होणारा आडोसा. इतकं सोपं होतं. पाच जॅकेटं, एक मेणबत्ती, फ्राउ झिप्फेल, ओटमार, नकाशावाले गृहस्थ, आणि दुकानातली मुलगी. वारा जिथे नाहीच तिथे तो बाधेल की गार करेल, यावर सगळ्यांनी आठवडाभर खल केला होता.

“मग आता?”

“आता तू ओला आहेस, तेवढं पुरेल. आणि कोपरं बाहेर काढ. अशी, कोंबडीसारखी. बाजूने थोडा वारा जातो, तो बाहीतून वर शिरतो. चढावर मी जरा डावीकडे वाकेन, तेव्हा तू मान उजवीकडे काढ.”

“हे तुला कसं माहीत?”

ती हेल्मेट घालत होती. तिला ऐकू आलं नसावं.

सिग्नल अजून लालच होता. हाइड्रूनने नकाशा पाहून जंगलातल्या रस्त्याने मोटरसायकल काढली. पुढचा पाऊण तास फोल्कमार रीडिंगर कोपरं पसरून डोंगर चढला. बाहीतून शिरलेला वारा ओल्या कापडातून बगलेत गेला, बगलेतून पाठीवर आला, आणि सबंध पाठ, मान, कंबर, जिथे म्हणून बाधतो तिथे तिथे फिरला. एका वळणावर त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. हाइड्रूनने लगेच वेग कमी केला. “काय झालं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “चालू दे.”

बारा वाजता सहलीची नोंद बंद होते. विश्रामगृहाच्या अंगणात ते अकरा पंचावन्नला पोचले. दहा सदस्य लिंडेनच्या झाडाखाली काळ्या चामड्यात उभे होते आणि भाजलेल्या वांग्यांसारखे दिसत होते. त्यांनी पाहिलं ते हे की हाइड्रून रीडिंगर मोटरसायकल चालवत आली आणि तिच्यामागे, बायकांच्या ओल्या जॅकेटात, पंख पसरून, मंडळाचे माजी चिटणीस बसले होते. कुणी हसलं नाही. हसायचं बळ कुणात नव्हतं.

ओटमारने यादी काढली. “हेल्मेट. आहे. जॅकेट.” तो चुण्यांपाशी थबकला. “आहे. विजार, हातमोजे, बूट. प्रमाणपत्र?”

“घोडेस्वारी, निष्क्रिय,” फोल्कमारने दिलेल्या कागदावरून ओटमारने वाचलं आणि हाइड्रूनकडे पाहिलं. “चालेल. पट्टा?”

“डिकीत आहे. ओला.”

“फोल्कमार.” ओटमारचा आवाज पडला. “नियमात ‘परिधान केलेला’ म्हटलंय. डिकीत नाही म्हटलेलं.”

“मला ठाऊक आहे. मीच लिहिलंय.”

उघड्या दारातून समोर फलक दिसत होता. सतराव्या जागेवरच्या पाटीवर ऊन पडलं होतं, आणि तिच्या कडेला कुणीतरी आधीच एक स्क्रूड्रायव्हर आणून ठेवला होता. अध्यक्ष तयारीचा माणूस होता. त्याने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं होती. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब यादीवर पडला.

“ओला पट्टा आता अंगात चढायचा नाही,” फोल्कमार म्हणाला. “आणि चढवला तर मी इथेच आडवा होईन. ओटमार, तुला काय करायचं ते कर. तुझा दोष नाही.”

ओटमार काहीतरी म्हणायला गेला, पण त्याआधी त्याचेच गुडघे वाकले. दोघांनी धरून त्याला बाकावर बसवलं. त्याच्या जॅकेटची चेन उघडली तर आत चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्याच्या आत, अगदी आत, मांजराच्या केसांचा आणखी एक. बाकी नऊ जण जमिनीकडे पाहू लागले. त्यांच्यापैकी कुणाच्याच कमरेला काही नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

हाइड्रूनने डिकीतून फोल्कमारचा पट्टा आणला. डोंगराच्या पाण्याने तो अजून गारेगार होता. तिने तो ओटमारच्या मानेभोवती गुंडाळला.

ओटमारने डोळे मिटले. मग त्याने एक बोट वर केलं.

“नियमात... पट्टा ‘परिधान केलेला’ असावा असं आहे,” तो डोळे न उघडता म्हणाला. “कुणी परिधान करायचा, ते लिहिलेलं नाही.”

“नाही,” फोल्कमारने मान्य केलं. मसुद्यात ही त्रुटी राहिली होती खरी.

“फोल्कमार रीडिंगरचा पट्टा परिधान झालेला आहे. अकरा एकोणसाठ. लिहा.”

स्क्रूड्रायव्हर कुणीतरी मुकाट्याने खिशात घातला. लोक एकदम बोलू लागले, जॅकेटं निघाली, बिअर आली. फोल्कमार आत जाऊन आपल्या पाटीसमोर उभा राहिला. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, एक नाव होतं आणि दोन स्क्रू. तरी तो उभा राहिला.

नोंदवहीची अडचण मग निघाली. वहीत दोनच रकाने होते, ‘चालक’ आणि ‘मागची सीट’. चालक म्हणून हाइड्रूनचं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यात आजवर फक्त बायकांची नावं होती. नवा चिटणीस पेन हातात धरून घुटमळला.

“लिही रे,” फोल्कमार म्हणाला. “बसलो होतो ना तिथे.”

नाव लिहिलं गेलं. शाई वाळेपर्यंत म्हणून त्याने वहीची मागची पानं उलटली. अक्षर त्याचंच होतं, चिटणीसपदाच्या एकोणीस वर्षांचं, सुबक, सरळ. तारीख. तपमान, कारण चिटणीस असताना तपमानाचा रकाना त्याने स्वतः वाढवला होता. चालक : फोल्कमार रीडिंगर. मागची सीट : हाइड्रून रीडिंगर. एकतीस अंश, हाइड्रून. चौतीस अंश, हाइड्रून. दोन हजार तीन : अडतीस अंश, सावलीत. हाइड्रून. प्रत्येक आकडा अर्ध्या अंशापर्यंत अचूक होता. नाव शेजारीच होतं. आठ वर्षांपूर्वीपासून मागची सीट रिकामी होती. तिला आता आवड राहिली नाही, असं त्याने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

तो वही घेऊन अंगणात आला. हाइड्रून झाडाखाली बूट काढून बसली होती.

“दोन हजार तीन साली तू काय घातलं होतंस?”

तिने वहीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “तुझं जुनं चामड्याचं. पट्ट्यासकट.”

“काही बोलली नाहीस.”

“बोलले होते की. उतारावर. पुढे ऐकू येत नाही.”

फोल्कमार तिच्या शेजारी बसला. त्याचं जॅकेट आता वाळत आलं होतं. त्याने आकड्यांशेजारच्या नावांवरून बोट फिरवलं. चूक मोजण्यात नव्हतीच.

“आणखी काय काय बोलली होतीस?”

“मागे बसून?”

“हो.”

हाइड्रूनने पाय गवतावर लांब केले आणि विचार करायला लागली.

“मागच्या सीटवरच्या सव्वीस वर्षांचं आहे,” ती म्हणाली. “घरी जाताना जरा हळू चालवते.”